समोरच्या खिडक्या

१२ जानेवारी

लाडके खारू,

फोन लागत नाही म्हणून माझ्या नावाने बोटं मोडत असशील, तर जरा थांब. दोष समोरच्या इमारतीचा आहे. त्यांनी परवा जॅमर का काय ते बसवलं आणि तेव्हापासून आमच्या गल्लीत फोनचा उपयोग फक्त तोंड बघायला. म्हणून कागद-पेन काढलंय. तूही काढ. माझ्या भाचीचं अक्षर कसं आहे, ते विसरायला झालंय मला.

माझ्या पाळणाघरासमोर, रस्त्यापलीकडे, ही सरकारी इमारत उभी राहतेय. आत काय चालणार ते कुणी सांगत नाही. काल एका फिटरला विचारलं, "हे बाहेरून काय लावताय?" तर म्हणाला, "कर्टन वॉल." मी म्हटलं, "एवढा मोठा पडदा? शिवला कुणी?" बिचारा हसला नाही. मग खोक्यावर तुझ्या कारखान्याचं नाव दिसलं आणि माझी छाती अशी फुगली की फिटर दोन पावलं मागे सरकला. ही तुझीच काच ना?

मुलांचं तर विचारू नकोस. क्रेनला रबरी पंजे लावून अख्खी काच वर जाते आणि माझी सगळी फौज खिडक्यांना नाकं चिकटवून बसते. जेवण नको, गाणी नकोत. संध्याकाळी न्यायला आलेल्या आयांनाही तिथून हलवावं लागतं.

फक्त त्यांचा सुरक्षा अधिकारी म्हणजे डोक्याला ताप. कपड्यांना अशी इस्त्री की घडीवर बोट कापेल. आम्ही त्याला इस्त्रीसाहेबच म्हणतो. दारातल्या तीनचाकी सायकली त्याला "अडथळा" वाटतात. मी म्हटलं, "साहेब, यातला सगळ्यात मोठा चालक पावणेचार वर्षांचा आहे. चौकशी करायची तर त्याचं दूध पिऊन झाल्यावर या." तोही हसला नाही. त्या इमारतीत हसायला बंदी असावी.

जेवत जा वेळेवर.

मावशी

२१ जानेवारी

प्रिय मावशी,

हो, माझीच काच. चौकटीही माझ्याच. पण गल्लीत दवंडी पिटू नकोस. मी कुठल्या इमारतीचं काम करते ते मला सांगता येत नाही. तू खोकं वाचलंस, त्याला माझा इलाज नाही.

तुझ्या पडद्याचं सांगते. ही भिंत इमारतीचं वजन पेलत नाही, फक्त बाहेरून टांगलेली असते. म्हणून ते नाव. आमच्या भिंतीची गंमत पुढे आहे. समज, बाहेर स्फोट झाला. तर कुठलीही काच फुटणारच. आमचं काम फुटलेली काच जागच्या जागी धरून ठेवायचं. दोन काचांच्या मध्ये एक चिवट पारदर्शक थर असतो, त्याला तुकडे चिकटून राहतात. काच चौकटीत खोल बसवलेली असते आणि चौकट थोडी वाकते, म्हणजे धक्का भिंतीला सोसवतो. अशा वेळी माणसं जखमी होतात ती बहुतेक उडालेल्या काचेनेच. काच उडाली नाही, की अर्धी लढाई जिंकली.

मार्चमध्ये शेवटच्या मंजुरीसाठी मैदानावर खऱ्या स्फोटकांनी चाचणी आहे आणि तिची जबाबदारी या वेळी माझ्यावर टाकली आहे. मॅनेजर म्हणाले, "बघा हं, नाक कापू नका." मी म्हटलं, "आपल्याकडे कापलेलंही जागच्या जागी राहतं." तेही हसले नाहीत. तुझा तर्क बरोबर दिसतोय, साथ इथपर्यंत आलीय.

इस्त्रीसाहेबांना सांभाळून घे. ते आमचे गिऱ्हाईक आहेत.

तुझी,
खारू

३० जानेवारी

खारू,

पत्र मोठ्याने वाचून दाखवलं. मुलांना रबरी पंजांशिवाय कशात रस नव्हता. आमच्या स्वयंपाकवाल्या काकूंनी मात्र ऐकलं आणि पातेलं पुसता पुसता विचारलं, "मग आपल्या खिडक्यांचं काय हो?"

मी हसले. मग हसू ओठावरच राहिलं. आपला रस्ता तो केवढा? इकडून हाक मारली तर तिकडचा पहारेकरी मान वळवतो. जे त्यांच्या भिंतीवर आदळेल, ते आमच्याकडे परवानगी मागून थोडंच येणार? त्यांच्याकडे तुझी काच आहे. आमच्याकडे घरमालकाच्या आजोबांनी बसवलेली, जोरात दार लावलं की थरथरणारी.

घाबरले नाहीये. नुसतं विचारतेय. दोन ओळीत उत्तर पाठव, म्हणजे काकूंचं समाधान होईल.

मावशी

१७ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

उत्तराला उशीर झाला. आधी तुला दोन गमतीच्या ओळी लिहिल्या होत्या, त्या फाडल्या. मग रस्त्याची रुंदी घेऊन हिशेब मांडला. पुन्हा मांडला.

काकूंना समाधान वाटेल असं उत्तर नाही. आमची भिंत सगळा धक्का गिळत नाही, बराचसा परत फेकते. समोर जे असेल त्याला मूळ धक्का बसतोच, वर उरलेला आमच्याकडूनही जातो. मुद्दाम कुणी केलेलं नाही. कुणी तिकडे पाहिलंच नाही, मीसुद्धा नाही. नकाशात रस्त्यापलीकडे नुसता पांढरा चौकोन आहे. तो चौकोन म्हणजे माझी मावशी, हे मला माहीत होतं. तरी नाही पाहिलं.

मॅनेजरांकडे गेले. माणूस वाईट नाही. म्हणाले, "आपलं काम त्यांच्या कुंपणापर्यंत. उद्या तुम्ही अख्खं शहर बदलायला निघाल." इस्त्रीसाहेबांच्या कार्यालयाला लिहिलं, तर छापील उत्तर आलं की विषय कक्षेबाहेरचा आहे.

तेव्हा एक मागते. तुझी एक खिडकी मला दे, चौकटीसकट. चाचणीच्या मैदानावर मुख्य भिंतीच्या समोरच्या बाजूला एक रिकामं काँक्रीटचं खोकं आहे, स्फोटाच्या जागेपासून साधारण तुमच्या रस्त्याएवढ्या अंतरावर. मैदानाच्या प्रमुख बाई म्हणाल्या, "खोकं रिकामं ठेवण्यापेक्षा त्यात काहीतरी बसवलेलं काय वाईट?" मॅनेजरांना मी सांगितलेलं नाही. विचारलं असतं तर नाही म्हणाले असते, आणि मग मला ऐकावं लागलं असतं.

खारू

२५ फेब्रुवारी

खारे,

खिडकी निघाली. उजवीकडून दुसरी. सुताराने कारण विचारलं, मी म्हटलं, "माझ्या भाचीला उडवायची आहे." त्याने पुढे काही विचारलं नाही आणि हत्यारं गोळा करून भराभर निघून गेला.

घरमालकांना मी "दुरुस्तीला दिलीय" असं सांगितलं. ते तसं खोटं नाही, दुरुस्ती होईल तेव्हा होईल. भोकाला प्लायवूड ठोकलंय. मुलांनी त्यावर खडूने क्रेन काढली. त्यामुळे बाकीच्या खिडक्यांपेक्षा या फळीचं कौतुक जास्त आहे. वारा मात्र फटीतून असा शिरतो की मी घरातली शाल इथे आणून ठेवलीय.

तुमच्याच कारखान्याचा ट्रक रिकामा परत चालला होता. ड्रायव्हरला चहा पाजला, खिडकी गाद्यांत गुंडाळून दिली. काचेवर खालच्या कोपऱ्यात पिवळ्या माशाचा स्टिकर आहे. मी खरवडायला गेले तर सगळ्यांनी भोकाड पसरलं. म्हणून राहू दिलाय. मासा सांभाळून पाठव, असा निरोप आहे. आता तो निरोप पोचवणं माझं काम, पाळणं तुझ्या हातात नाही, हे मला कळतं.

इस्त्रीसाहेब दुरून प्लायवूड बघून गेले. वहीत काहीतरी टिपलं. टिपा म्हणावं.

मावशी

१६ मार्च

प्रिय मावशी,

चाचणी झाली. आता क्रमाने सांगते.

सकाळी वारा पडला होता, आभाळ स्वच्छ. आम्ही सगळे दूर मातीच्या बांधामागे, जाड भिंतींच्या खोलीत. मॅनेजर, मैदानाच्या बाई, दोन-चार अधिकारी आणि तुझे इस्त्रीसाहेब. धुळीच्या मैदानातही त्यांची घडी मोडली नव्हती. भोंगा वाजला. स्फोट आधी पायांना कळतो, मग कानांना.

धूळ बसल्यावर गेलो. भिंत उभी होती. काच कोळ्याच्या जाळ्यासारखी पांढरी झालेली, आत पोट सुटल्यासारखी फुगलेली, पण चौकटीत. या काचेमागेही तसंच काँक्रीटचं खोकं असतं, त्यात मागच्या बाजूला आम्ही एक मऊ पांढरी फळी उभी करतो, आत काय उडालं ते तिच्यावर उमटतं. तिला आमच्याकडे साक्षीदार म्हणतात. साक्षीदार कोरा होता. मॅनेजरांनी माझ्या पाठीवर थाप मारली. मला रडू येईल की काय असं झालं. हे सगळं बरोबर केलंय, तर आता पुढचं नको, असंही क्षणभर वाटलं.

मग मी म्हटलं, "अजून एक खोकं आहे."

तुझ्या खिडकीचं काही उरलं नव्हतं, मावशी. चौकट आत जाऊन पडलेली. साक्षीदार फळीत काचा रुतल्या होत्या, सुया टोचाव्यात तशा, आणि त्यातल्या बहुतेक खालच्या अंगाला, माझ्या कमरेच्या खाली. एका तुकड्यावर अर्धा पिवळा मासा होता.

मॅनेजर पांढरेफटक पडले. "हे कार्यक्रमात नव्हतं," एवढंच म्हणाले. इस्त्रीसाहेब मात्र फळीसमोर उकिडवे बसले. कपड्यांची पर्वा न करता. बराच वेळ तो मासा बघत होते.

"ही कुठली खिडकी?"

"तुमच्या समोरच्या पाळणाघराची. उजवीकडून दुसरी."

"तिच्याखाली मुलं झोपतात," ते म्हणाले. "दुपारी. मला माझ्या केबिनमधून दिसतात."

मला ते माहीत नव्हतं. तू कधी लिहिलं नाहीस. मी काही बोलायच्या आत ते उठले, कुणाचाही निरोप न घेता गाडीत बसून निघून गेले. चहासुद्धा घेतला नाही. फार चिडलेत असं दिसतंय. मुख्य चाचणीचा निकाल त्यांच्याच सहीने व्हायचा आहे, म्हणून इथे सगळ्यांचे चेहरे पडलेत.

मी ठीक आहे. घरमालकांना काय सांगायचं ते दोघी मिळून ठरवू.

खारू

१७ मार्च

खारू,

तुझं पत्र अजून आलेलं नाही, पण आज जे झालं ते सांगितल्याशिवाय झोप येणार नाही.

दुपारी मुलं नुकतीच लवंडली होती. दार वाजलं. बघते तर इस्त्रीसाहेब. मी बोट ओठावर ठेवलं, सायकलींवरून भांडायचं तर उद्या या, असं खुणेनेच सांगितलं. त्यांनी दारातच बूट काढले. मोज्यांवर आत आले आणि खिडकीखालची पहिली गादी धरली, झोपलेल्या मुलासकट, आणि हळूहळू ओढत मागच्या भिंतीपर्यंत नेली.

मला वाटलं, उन्हाने माणसाचं डोकं फिरलं. मग त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि दुसरी गादी मी धरली. काकू आल्या. तिघांनी मिळून सगळी पोरं भिंतीकडे सरकवली. एक जागं झालं, साहेबांकडे बघून "पाणी" म्हणालं. त्यांनी पाणी पाजलं. अर्धं स्वतःच्या शर्टावर सांडून घेतलं.

बाहेर पडताना म्हणाले, "उद्यापासून इथेच झोपवा. खिडकीखाली नको."

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"तुमच्या माशाने," म्हणाले आणि बूट घालून गेले.

आता मला सांग, मैदानावर तुम्ही या माणसाला काय केलंत?

मावशी

१२ एप्रिल

प्रिय मावशी,

तुझं पत्र वाचलं, आणि तोंडावर हात ठेवून बसले. मला वाटलं ते चिडलेत.

मुख्य निकाल पास झाला. त्यांनी सही केली. इकडे सगळं छान. मला जरा हलकं काम दिलंय, दुकानांच्या शोकेसच्या काचा. बदल म्हणून बरा आहे. कपड्यांच्या दुकानवाल्याला विचारावं लागतं की बाहुलीचा पाय काचेला लागतो का. स्फोटापेक्षा अवघड प्रश्न आहे.

तुमच्या खिडक्यांचं काही हललं का?

खारू

४ मे

खारुताई,

हलकं काम काय. बदल म्हणून काय. मला काल इस्त्रीसाहेबांकडून कळलं. इमारत ताब्यात घेताना त्यांनी तुझी चौकशी केली, तर उत्तर मिळालं की त्या बाई आता या विभागात नाहीत. तुला शिक्षा म्हणून हलवलंय आणि तू मला बाहुलीचे पाय सांगतेस. लहानपणी गुडघा फुटला की फ्रॉकने झाकून "काही नाही, काही नाही" म्हणत घरात शिरायचीस, तशीच आहेस अजून. मी तेव्हाही फ्रॉक वर करून बघत होते. मला खरं लिही.

आता इकडचं. साहेब महिनाभर फायली घेऊन फिरतायत. आमच्या खिडक्यांना द्यायला त्यांच्या नियमांत जागाच नव्हती. शेवटी त्यांनी काय केलं, तर पाळणाघराची पुढची भिंत कागदोपत्री "सुरक्षा परिसरात" घातली. मंजुरी मिळाली. पण सुरक्षा परिसरात येणाऱ्याला पास लागतो. म्हणजे माझ्या सगळ्या पोरांना आता फोटोचे पास. सोमवारी फोटोवाला येऊन गेला. एकाने प्रत्येक फोटोत जीभ बाहेर काढली. साहेब म्हणाले, "असू द्या, ओळख पटण्याशी मतलब." एक मुलगी पासशिवाय आंघोळीला जात नाही. काकूंच्या पासवर "स्वयंपाक विभाग प्रमुख" लिहिलंय, आणि त्या दिवसापासून त्या भाजी चिरायला सांगितली की विचार करून सांगते म्हणतात.

मी अट घातलीय की खिडक्या उघडल्या पाहिजेत. साहेब म्हणाले, सुरक्षित खिडकी उघडत नसते. मी म्हटलं, मुलांना वारा लागतो. दोन दिवस बोलणं बंद होतं. तिसऱ्या दिवशी म्हणाले, बिजागरीचं विचारून बघतो.

मावशी

१५ मे

मावशी,

फ्रॉक वर करते.

मॅनेजरांनी मला बोलावून सांगितलं की तुमच्या कामात खोट नाही, पण गिऱ्हाइकासमोर न ठरलेली गोष्ट करणाऱ्या माणसावर मी चाचणी सोपवू शकत नाही. ते ऐकून मला राग आला, आणि मग वाटलं, त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं. कारखान्याचं नाव पणाला लावायच्या आधी मी त्यांना विचारलं नव्हतं. दोन आठवडे बसच्या खिडकीशी बसून रडत घरी गेले. इतकी वर्षं त्या मैदानावर उभं राहायला मिळावं म्हणून घासली होती. त्याचं वाईट वाटतं, अजूनही वाटतं. खिडकीचं वाटत नाही. पुन्हा तशी वेळ आली तर मॅनेजरांना सांगून करीन. पण करीन.

आणि आता ऐक. लहान कामं मोठ्या विभागात जात नाहीत. ती शोकेसवाल्यांकडे येतात. काल माझ्या टेबलावर नवी ऑर्डर पडली. पाळणाघर, सहा खिडक्या, दुहेरी काच मधल्या थराची, चौकट भिंतीत बोल्टने, आणि शेरा असा: "उघडल्या पाहिजेत. यावर चर्चा नाही." अक्षर कुणाचं ते ओळखलं मी. बोलणं तुझं आहे.

जूनच्या पहिल्या आठवड्यात येतेय. माझा पास काढून ठेव.

खारू

२८ जून

लाडके खारू,

तू गेल्यावर घर जरा मोठं झालंय. तुझा स्क्रू-ड्रायव्हर इथेच राहिला. एका कार्ट्याने तो आपल्या डब्यात ठेवून घेतला होता, आज परत मिळवला.

खिडक्या उघडतात. सकाळी मी सहाच्या सहा उघडते. बंद केल्या की रस्त्याचा आवाज कमी होतो, त्यामुळे दुपारी पोरं जास्त वेळ झोपतात आणि रात्री घरी जागतात, अशी आयांची तक्रार आली. मी त्यांना तुझा पत्ता देणार आहे.

घरमालक आले, बोटाच्या पेराने काच वाजवली आणि म्हणाले, "दुरुस्ती चांगली झाली हो." मी मान हलवली.

मॅनेजरांचं तू लिहिलंस ते वाचलं. नदीकाठच्या दवाखान्यासमोर तसलीच इमारत होतेय आणि त्यांनी तुला बोलावून "समोरच्यांचं आधीच बघून ठेवा" म्हटलं, हे बरं झालं. मैदान परत मिळालं नाही, तेही वाचलं. मिळेल किंवा नाही मिळणार. तू आधी दवाखान्याच्या खिडक्या मोज.

आता एक बातमी. इस्त्रीसाहेबांची बदली झाली. आज शेवटचा दिवस. संध्याकाळी मुलं गेल्यावर आले आणि आमच्या छोट्या खुर्चीवर बसले. गुडघे कानापर्यंत. पहिल्यांदाच बिनइस्त्रीच्या शर्टात पाहिलं. मी चहा केला. त्यांनी सांगितलं की बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा लांब असतो, आणि इस्त्री करायचं काम तेवढं संध्याकाळचं हाताशी असतं. मी म्हटलं, माझ्याकडे संध्याकाळी उष्टे कप घासायला असतात. मग दोघं चहा पीत बसलो. अवघड वाटलं नाही.

उठताना म्हणाले, "नव्या जागीही जॅमर आहे. फोन लागणार नाही."

मी म्हटलं, "पोस्ट पोचतं ना?"

ते हसले, खारू. अगदी दात दिसेपर्यंत. चांगले आहेत दात.

तेव्हा यापुढे माझी पत्रं उशिरा आली तर तोंड फुगवू नकोस. मला आता दोन माणसांना लिहायचं असतं, आणि त्यातलं एक शुद्धलेखनाला फार कडक आहे.

मावशी